येऊन राहिलो

३ नोव्हें.
सकाळी यांचा फोन. समुद्राचा वारा, आवाज तुटतो. "पूल झाला. आता... येऊन राहिलो." कट.
सासूबाईंना सांगितलं. देवापुढे साखर ठेवून आल्या. हे गेले तेव्हा आमची मुक्ता पाचवीत होती, आता ओढणी सावरते.

५ नोव्हें.
गोल बाजार. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून पाय ठेवायला जागा नाही. निळी चादर घेतली. दुकानदार, "दीदी, मेहमान आ रहे हैं?"
मी हो म्हणाले. घरचा माणूस मेहमान कधीपासून?

७ नोव्हें.
भिंतीवरचा पुलाचा फोटो पुसला. दोन बेटं, मधे सामुद्रधुनी, खाली जहाजांची रांग. इथे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होते तेव्हा रोज संध्याकाळी धुळीनं माखून घरी यायचे. तिकडे झुलत्या पुलाचे दोर ताणतात. मुक्ताला म्हणाले होते, दोन्ही बेटांकडून काम सुरू करतो, मधे जोडतो.
"और नहीं जुड़ा तो?"
"जुळतंच. मोजून घेतो ना."

१० नोव्हें.
अजून नाहीत. फोन मीच लावला. "कुठवर पोचले?"
"पोचले म्हणजे? सांगितलं ना, पलीकडच्या बेटावर येऊन राहिलो. पुलाच्या देखभालीचं काम मिळालं. घर घेतलं."
मागून एका बाईनं यांना हाक मारली. नावानं. ते नाव माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही.
"आणि आम्ही?"
"बोलू."

११ नोव्हें.
पुण्याच्या संपादकबाई माझ्या कथेतलं 'येऊन राहिला' खोडून 'येत आहे' करतात. म्हणतात, आमच्याकडे याचा अर्थ आला आणि राहिला. मी भांडते. यांना सांगितलं होतं तेव्हा खूप हसले होते.
म्हणजे दोन्ही अर्थ ठाऊक होते. मग कोणता

१२ नोव्हें.
चादर घडीतच. मुक्ता फोटोकडे पाठ करून अभ्यासाला बसते.

१४ नोव्हें.
सासूबाई सकाळपासून ओट्याशी. सांबारवडी करायची, त्याला आवडते.
"कुठवर आला व माहा पोट्टा? काहून बोलत नाहीस?"
मी सांबार निवडत होते. कोथिंबिरीच्या हिरव्या काड्यांवरून नजर उचलली नाही.
"येऊन राहिले," म्हटलं.
खोटं नाही बोलले.
"हव? मंग आणखी एक जुडी आण. एवढ्यात काय होते त्याचं!"
पिशवी घेऊन निघाले.