व्यवसाय: देखरेख

४ मार्च
एका शाबासकीचा खर्च: शर्टाचं बटण, गिऱ्हाइकाच्या सोफ्याचा पाय आणि माझी कंबर. तिघांनी उचलायचा सोफा एकट्याने उचलला. शाबासकीही मीच दिली.
जिना चढवत नाही. घर वर, मी खाली दुकानात, विकायच्या सोफ्यावर आडवा.
डॉक्टर म्हणाले, सहा महिने वजन उचलणं बंद. म्हणजे उचलायला माणूस ठेवणं आलं. त्याचा पगार विम्यातून. काम करता आलं नाही तर दरमहा पैसे देणारी पॉलिसी आहे माझी. कारागिराला हप्ता जास्त, म्हणून फॉर्मवर व्यवसाय लिहिला: देखरेख. विकणारा मेहुणा कुरकुरला, भावजी, पण तुम्ही तर सोफे उचलता. म्हटलं, तू सही घे.
खोटं कुठे आहे? माझं लक्ष नसेल तर या दुकानात एक पिन सरळ बसत नाही.

६ मार्च
मेहुणा म्हणतो, पहिले नव्वद दिवस प्रतीक्षा काळ. म्हणजे पैसे साठणार आणि एकदम मिळणार! नव्या माणसाला आजच कामावर घेतलं.

९ मार्च
साठत नाहीत. ते नव्वद दिवस आपले आपण निस्तरायचे. मेहुण्याशी बोलणं बंद.

२ जून
नव्वद दिवस संपले. उद्या कंपनीच्या तपासनीस बाई येणार. ठरलं: कण्हायचं, आणि कण्हण्याशिवाय काही करायचं नाही. बायको म्हणाली, अहो, नुसतं गप्प पडलात तरी पुष्कळ.

३ जून
कण्हणं उत्तम झालं. मध्येच पडद्याआड स्टेपल गनचा आवाज विरळ आला. ओरडलो, पिना लांब लांब मारतोस, रेक्झिन सुटेल! कारागीर म्हणाला, मालक, तुम्हाला दिसतं कसं? म्हटलं, ऐकू येतं! मग एक गिऱ्हाईक आलं. पडल्या पडल्या घासाघीस केली, फोमसुद्धा महागातला गळ्यात मारला.
बाई भारावल्या. सारखं लिहीत होत्या.

१७ जून
दावा नामंजूर. कारण: विमाधारकाचा व्यवसाय देखरेख. आडवं असूनही ती जोमात चालू.
मेहुणा आला. चहा मागून घेतला आणि सावकाश प्यायला.

१८ जून
अपील करणार. देखरेखही जमत नाही हे सिद्ध करायचं. उद्या दिवसभर कानात कापूस, तोंडाला कुलूप. दुकान कसं कोलमडतं त्याचे फोटो बायकोने काढायचे. ती इतक्या चटकन तयार झाली की वाईट वाटलं.

१९ जून, संध्याकाळ
एक शब्द बोललो नाही.
रोज दोन सोफे होतात. आज तीन झाले.