गालिच्यावरचा पहिला घोट

ऑस्लो, मंगळवार

प्रिय इस्मेताई,

डॉमिनिकातल्या आपल्या उन्हाला आधी नमस्कार. मी बरा आहे, खोकला आता फक्त सकाळीच येतो. आईचे गुडघे कसे आहेत?

काल इथे माझा सातवा चित्रपट दाखवला. सुरू होण्याआधी सवयीने, आपल्या रीतीप्रमाणे, पहिला घोट बाबांचा म्हणून रम जमिनीवर ओतली, तर खाली गालिचा! दारावरची बाई फडकं घेऊन धावली. "अहो, काय सांडलंत हे?"

"सांडलं नाही, गेलेल्या वडिलांना दिलं."

बिचारी ओशाळली, पण पुसलंच तिने.

ताई, पुस्तकं आणि चित्रपट घेऊन तीस वर्षं देशोदेशी हिंडलो. बाबांचा घोट ओतायला माती मात्र मिळत नाही. पुढच्या पत्राच्या पाकिटात अंगणातली चिमूटभर घालशील?

तुझा दमलेला धाकटा,
ऑबिन