नवव्या पावलावरचा टब

सेंट लूसी, बार्बाडोस
मंगळवार

तीर्थस्वरूप युडोरामावशीस,

डेन्झिलचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकतो तेवढाच साष्टांग). ब्रुकलिनच्या थंडीत तुझी कंबर कुरकुरते का? तुझी लेक मर्लीन आणि तिचं बाळ कसे आहेत? इकडे तुझ्या कोंबड्या खुशाल आहेत. अंडी मात्र देत नाहीत, बहुधा तुझ्यासाठी राखून ठेवली असावीत.

आता माझं रडगाणं ऐक. संघाला नवे प्रशिक्षक आलेत. त्यांनी कॅमेरे लावून शोध लावला, की गोलंदाजीला धावत येताना मी नवव्या पावलावर विनाकारण डावीकडे वळतो. (अकरा वर्षं जगभरचे समालोचक या वळणावर व्याख्यानं झोडताहेत. एकाला त्यात वाऱ्याचा अभ्यास दिसला. तुझ्या परसातला कपडे धुवायचा टब कोणालाच दिसला नाही. लहानपणी नीरफणसाच्या झाडापासून धावत सुटलं की तो नवव्या पावलाला आडवा यायचा, त्याला मी काय करू?) त्यांनी मला सरळ धावायला लावलं. सरावात चार नो-बॉल पडले आणि पाचव्या चेंडूला मी पंचांना घेऊन आडवा झालो. निवड समिती म्हणाली, शुक्रवारी शेवटची चाचणी. जमलं तर ब्रिजटाऊनची कसोटी, नाही तर घरी बसा.

म्हणून हरवलेलं वळण शोधायला तुझ्या घरी येऊन राहिलोय. तर परसातून टबच गायब. शेजारच्या क्लेरमाँटकाकांनी शनिवारच्या जेवणातल्या साऊससाठी डुकराचं मांस लिंबात मुरवायला नेलेला (न विचारता, शेजारधर्म म्हणून). तो आणून जागेवर ठेवला, तरी जमेना. काका म्हणाले, "अरे गाढवा, टबापाशी तुझी मावशी बसायची, ती कुठाय?" आणि स्वतःच तुझा एप्रन बांधून, स्टुलावर बसून माझे मोजे धुवायला लागले. मी धावत आलो. आठव्या पावलालाच काका घाबरून साबणासकट कोंबड्यांच्या खुराड्यात. तिथूनच म्हणाले, "ही बाई इथे इतकी वर्षं बसली तरी कशी?"

ते ऐकून मी तुझ्या स्टुलावर जाऊन बसलो, मावशी. टब काय, कधीही हलवता आला असता. पण हा आपल्या अंगावर येणार नाही, या भरवशावर तू खाली मान घालून कपडे घासत राहायचीस. मी वळायचो ते तुझ्यासाठी. लॉर्ड्सपासून मेलबर्नपर्यंत मी तुलाच वळसा घालत धावलोय. माझी फार आठवण काढू नकोस, मीच इथे तुझी पुरेशी काढतोय.

तुझा,
डेन्झिल

ता. क. : स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. ती आधीच तडकलेली होती, असं काका शपथेवर सांगायला तयार आहेत.

दुसरा ता. क. : पत्र खिशातच राहिलं. काल चाचणी झाली. प्रशिक्षकांना म्हटलं, कॅमेरे बंद करा. नवव्या पावलावर तू बसलेली होतीस. माझी निवड झाली. पण गुडघा म्हणतो, ही कसोटी शेवटची, आणि या वेळी मी त्याचं ऐकणार आहे.

तिसरा ता. क. : सोबत विमानाचं तिकीट आहे. मैदानावर ये म्हटलं की तुझं एकच, "तुला धावताना मी रोज परसात बघितलंय, आता काय बघायचंय?" तू कुठे बघितलंस, मावशी? तू मान कधी वर केलीच नाहीस. ये, आणि एकदा बघ.