पॅरिस ते व्हिएन्ना, अर्धा तास

अण्णा, तुमचा नातू हल्ली पॅरिसला असतो आणि कामासाठी सारखा व्हिएन्नाला जातो, त्यामुळे तुमची फार आठवण येते. ही दोन गावं आपल्या घरात आणलीत ती तुम्हीच. दोन हजार सालच्या आसपास मी कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा तिकडे निघाले, तेव्हा माझ्यापेक्षा तुमचीच तयारी जोरात होती. माझा शाळेतला नकाशा माळ्यावरून काढून तुम्ही ओट्यावर पसरलाय, आईचा गजऱ्याचा दोरा पॅरिसपासून व्हिएन्नापर्यंत ताणलाय आणि पट्टीवर मोजून सांगताय, हजार किलोमीटर. अंतर बरोबर होतं. घोळ पुढे झाला.

तुमचा जन्म गेला ओझरच्या कारखान्यात, तोही लढाऊ विमानं जोडण्यात. विमान म्हटलं की तुम्हाला तेच दिसायचं. त्याचाच वेग धरून तुम्ही भागाकार केलात आणि जाहीर केलंत, अर्धा तास. शेजारचे काका तुमच्याच खात्यातून रिटायर झालेले, त्यांनीही मान डोलावली. मग मुंबईहून पॅरिसला नऊ तास कसे, असं मी विचारलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं. मधे तीन-चार ठिकाणी तेल भरायला उतरत असणार. मी हसून सोडून दिलं.

पुढचं सगळं आईने मला नंतर रंगवून सांगितलं. पॅरिसहून विमानात बसताना मी घरी फोन केला होता. त्यानंतर अर्धा तास झाला, पाऊण झाला, पोहोचल्याचा फोन काही येईना. तुम्ही रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का बघायचात, परत ठेवायचात. गल्लीत ताकीद दिलीत की आमच्याकडे कुणी फोन लावायचा नाही. दोन तास उलटले आणि तुम्ही चहाही नको म्हणालात, तेव्हा आईला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. काकांनी धीर देण्याच्या नादात, एखादा नट ढिला राहिला तर काय होतं ते सांगायला सुरुवात केली. आई मेथी निवडत होती. तिने जुडी खाली ठेवली.

"त्या विमानात जेवाया देत्यात ना? मग एवढ्या लोकांची ताटं तरी अर्ध्या तासात उचलून व्हतील का? तुमच्या विमानात एकटा माणूस बसतो, तोबी उपाशी."

दोघेही विमानवाले बोटांवर ताटं मोजायला लागले. तेवढ्यात माझा फोन आला.

"उशीर झाला," तुम्ही म्हणालात.

"नाही अण्णा, वेळेवर पोहोचले."

"मग पायलट शांत डोक्याचा दिसतोय. परत येताना त्याच्याच विमानात बस."

फोन ठेवून तुम्ही तोंड धुवायला मोरीत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. पाणी नुसतंच वाहत होतं, असं आई सांगायची. हे सांगताना ती हसायची नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. एक गोष्ट मुलाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. आज दुपारी त्याचा मेसेज आला, व्हिएन्नाच्या विमानात बसलो. दोन तास लागतात हे मला पाठ आहे, मीच कितीदा गेलेय. तरी अर्धा तास झाला तसा मी गॅस बंद केला आणि फोन घेऊन बसले.