दुसरी झडप

दूधविनायक, वाराणसी
८ फेब्रुवारी २०२४

चि. सुश्रुत यास पद्माआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा गेल्यावर आमचा भावाबहिणीचा पत्रव्यवहार तू पुढे चालू ठेवलास, याचं मला फार अप्रूप आहे. नागपुरात हृदयाचा डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला जेवायला फुरसत नाही म्हणतोस, आणि आत्याला मात्र चार पानं लिहितोस!

आता बातमी. मला दम लागतो तो वयामुळे नव्हे, असं निघालं. लेकीपुढे माझं काही चालेना, रुची मला जवळजवळ ओढतच इथल्या हार्टच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे म्हणे. मांडीच्या शिरेतून फुगा घालून ती मोकळी करणार, छाती उघडायची गरज नाही. महिनाअखेरची तारीख मिळाली आहे. पलीकडची एओर्टिक झडपही थोडीशी अरुंद आहे, पण तिची चिंता नको, असं डॉक्टर म्हणाले.

इकोच्या पडद्यावर स्वतःचं हृदय पाहिलं रे! जन्मभर शाळेत मुलींना फळ्यावर काढून दाखवलं, ते प्रत्यक्षात एवढं अवखळ असेल असं वाटलं नव्हतं. मी इतकं विचारत सुटले की शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, माताजी, तुम्ही पेशंट आहात की इन्स्पेक्टर?

परवा बालाजी घाटाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी तिथेच बसले. थोडा वेळ काही कळलंच नाही. एका फूलवालीनं पाणी दिलं. सकाळी नाश्ता केला नव्हता, त्यामुळेच असेल. रुचीला सांगू नकोस, नाहीतर माझं घाटावर जाणं बंद करेल.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पद्माआत्या


नागपूर
१३ फेब्रुवारी २०२४

ती. पद्माआत्यास सुश्रुतचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचल्या वाचल्या रुचीताईला फोन केला. एव्हाना घरात तुझी चांगली हजेरी घेतली गेली असेल. रागावू नकोस. घाटावरची गोष्ट तू शेवटी चार ओळींत उरकलीस, माझ्यासाठी मात्र सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची होती.

मायट्रल झडप आकसली की दम लागतो, धडधडतं. पण चढताना शुद्ध हरपली, तर आम्ही आधी एओर्टिक झडपेकडे पाहतो. तिची तर चिंता नको म्हणाले. मग मी विचारात पडलो. पहिली झडप घट्ट असली की पुढच्या कप्प्यात रक्तच कमी पोचतं. तेवढं रक्त दुसऱ्या झडपेतून फारसा जोर न लावता निघून जातं. मशीन रक्ताच्या वेगावरून अंदाज बांधतं, म्हणून दुसरी झडप आहे त्यापेक्षा बरी दिसू शकते. अशा वेळी तिचं तोंड किती उघडतं ते थेट मोजावं लागतं.

मी अजून शिकतोय आणि तुला तपासलेलं नाही. माझी शंका चुकीचीही असेल. पण घाटावर जे झालं ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय फुग्याला तयार होऊ नकोस, एवढं माझं ऐक.

नाश्ता करत जा. पत्राची वाट पाहतो. रागावलीस तरी लिही.

तुझा,
सुश्रुत


दूधविनायक, वाराणसी
२६ फेब्रुवारी २०२४

चि. सुश्रुत यास आशीर्वाद.

तुझं म्हणणं वाचून पटलं, पण पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. गच्चीवरच्या नळाला कुंड्यांची रबरी नळी लावली आणि तिच्यावर थोड्या अंतरानं दोन चाप बसवले. दोन्ही आवळले तेव्हा दुसऱ्या चापातून पाणी गुमान झिरपत होतं, जणू त्याचा काही दोषच नाही. मग पहिला चाप सैल केला. मधली नळी टम्म फुगली. रुची म्हणाली, अम्मा, ये तो फट जाएगी. मी घाईघाईनं नळ बंद केला. सुश्रुत, फक्त पहिली झडप उघडली असती तर काय झालं असतं, ते मला तिथे दिसलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. हे आधी का नाही बोललात, असं त्यांनी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत, असं मी म्हटलं. दोघंही जरा ओशाळलो. त्यांनी पुन्हा बराच वेळ छाती ऐकली आणि फुग्याची तारीख स्वतःच रद्द केली. मग अन्ननलिकेतून नळी घालून आतून इको केला. ती नळी गिळताना जीव नकोसा झाला. पण दुसऱ्या झडपेचं तोंड नीट मोजता आलं. तीही पार आकसलेली निघाली.

आता छाती उघडून दोन्ही झडपा बदलायच्या. मी हो म्हटलं आहे. दिवसभर मी धीट असते, डॉक्टरांना नव्या झडपा कशाच्या असतात ते विचारते. पण रुची नळ सोडून स्वयंपाकघरात रडते आणि मला कळत नाही असं समजते. तू ये. डॉक्टर म्हणून नको, तिच्याजवळ बसायला ये.

वाट पाहणारी,
पद्माआत्या


रुग्णालयातून, वाराणसी
२ एप्रिल २०२४

चि. सुश्रुत यास आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. तू गेल्यापासून माझी तब्येत रोज सुधारते आहे. काल रुचीचा हात न धरता वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि दम न लागता परत आले. रुची मागून येत होती. मला वाटलं हसत असेल. वळून पाहिलं तर डोळे पुसत होती. ऑपरेशन चाललं असताना तू तिला लस्सी पाजलीस आणि तुझ्या बाबांच्या गमती सांगितल्यास, हे तिनं मला आता सांगितलं.

गेल्या आठवड्यात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका माझ्या खाटेपाशी आला होता. मी त्यांना नळी आणि दोन चाप कागदावर काढून दाखवले. घाटावर काय झालं तेही सांगितलं. बाकीचे माना डोलावून पुढे गेले. हिमानी नावाची एक मुलगी मात्र तो कागद न्याहाळत मागे थांबली.

काल शेजारच्या खाटेवर गंगा नावाची बाई आली. चंदौलीकडची, माझ्याहून लहान. तिलाही चालताना दम लागतो. हिमानीनं तिला तपासलं, सगळं लिहून घेतलं आणि ती निघाली. दारापर्यंत गेली, थांबली आणि परत आली. तिनं हिंदीत विचारलं, पायऱ्या चढताना कधी डोळ्यांपुढे अंधार येतो का? गंगानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच होकाराची मान हलवली.

मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. हिमानीनं स्टूल ओढलं, खाटेजवळ बसली आणि म्हणाली, सुरुवातीपासून सगळं सांगा.

तुझ्यावर जीव असलेली,
पद्माआत्या