सोमलाची वाटी आणि मोठ्या साहेबांचं जेवण

दालुछडा चहाबाग, काछाड
१९ फाल्गुन

परमपूज्य श्वशुर महाशयांच्या चरणी गिरींद्रचा साष्टांग दंडवत.

आपलं पत्र पोचलं. आपला खोकला उतरणीला लागला असेल, सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत असतील आणि कुमुदिनी या अवघडलेल्या दिवसांत वेळेवर जेवत असेल, अशी आशा करतो. आपल्या पत्रात माझ्या प्रकृतीची चौकशी चौथ्या ओळीत आहे, पहिल्या ओळीत आपण विचारलं आहे, "आपण सध्या तुरुंगात आहात की बाहेर?" (वकिली पेशातल्या माणसानं आधी मुद्द्याचं विचारावं, हे योग्यच.) मी बाहेर आहे. तांदळाच्या होडीवाल्यानं सिल्हेटभर जे पसरवलं आहे, की बागेच्या डॉक्टरानं तीन गोऱ्यांना जेवणातून विष घातलं आणि तिघं गेले, त्यातलं फक्त "तिघं" आणि "जेवण" एवढं खरं आहे. बाकीचं मीच सांगतो, म्हणजे आपल्याला होडीवाल्यावर अवलंबून राहावं लागणार नाही.

आमचे लॉरिमर साहेब आपण पाहिलेले नाहीत. अकरा वर्षं या बागेचे मॅनेजर आहेत, पण त्यांचा जीव चहात नाही, पाखरांत आहे. सकाळी पानं खुडणाऱ्या बायकांची रांग तपासायला म्हणून निघतात आणि दुपारी बांबूच्या बनातून बाहेर येतात, टोपीत दोन मेलेली पाखरं, गुडघ्यापर्यंत जळवा, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू मुलगा झाला. मग त्या पाखराचं कातडं अलगद सोलायचं, आतून सोमलाचं विष चोळायचं (नाहीतर कीड आठ दिवसांत फडशा पाडते), कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठं मिळालं, कधी, डोळ्यांचा रंग कोणता. डोळ्यांचा रंग मेल्यावर तासाभरात उडतो म्हणून ते जेवण टाकून आधी तो लिहितात. माणसं मारणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते पाखरं मारणाऱ्यांबद्दलही वाटायला हवं, पण बारा-चौदा हजार फुटांवरून खाली उतरलेल्या एवढ्याशा जिवाचा रंग हरवू नये म्हणून तापानं फणफणत लिहिणारा माणूस पाहिला की माझं मत डळमळतं. सोमल मात्र माझ्या दवाखान्याच्या कपाटातून जातो आणि वहीत सही माझी असते. ही सही लक्षात ठेवावी, कारण त्या दिवशी मला दुसरं काही आठवत नव्हतं.

तर गेल्या रविवारी कलकत्त्याहून कंपनीचे मोठे साहेब, क्रॉली नावाचे, मेमसाहेबांसह आले. बागेचं उत्पन्न घसरलंय, मॅनेजर पाखरांमागे फिरतो, अशी तक्रार गेली होती. सकाळी मेमसाहेबांनी हौसेनं विचारलं म्हणून लॉरिमर साहेबांनी व्हरांड्यातल्या टेबलावर एक पाखरू सोलून दाखवलं. (हे काम एरवी चाओबाचं, मणिपुरी माणूस, त्याच्या बोटांत शिंप्याची नजाकत आहे. तो घरी आईच्या श्राद्धाला जायच्या घाईत होता.) सोमल एका पांढऱ्या वाटीत काढलेला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि सगळे उठून आत गेले. जेवताना मोठे साहेब स्पष्टच म्हणाले, ही विषारी कातडी बंगल्यात ठेवणं म्हणजे कंपनीला धोका, कातड्यांच्या सगळ्या पेट्या परसात नेऊन जाळा, आणि महिनाअखेरीस तुमचं काय करायचं ते बघू.  पुडिंग आलं. चार चमचे खाल्ल्यावर लॉरिमर साहेबांची नजर उघड्या दारातून व्हरांड्यात गेली. टेबलावर पाखरू होतं, कापूस होता. वाटी नव्हती.

ते कसेबसे उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथून थेट माझ्याकडे पळत आले. साहेबाला पळताना मी प्रथमच पाहिलं. म्हणाले, "डॉक्टरबाबू, किती सोमलानं माणूस मरतो?"

मी विचारलं, "कोणता माणूस?"

म्हणाले, "तीन. त्यातला एक मी."

स्वयंपाकघरात त्यांनी बरुआ खानसाम्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, पांढरी वाटी बेअऱ्यानं आणून दिली, तिच्यात पीठ होतं, ते पुडिंगात घातलं.  मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना सांगा." ते म्हणाले, "सांगितलं तर पेट्या आजच जळतील." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर आपण दोघं फासावर, त्यात मी आधी, माझी सही आहे."  तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "खरंय. चला, सांगतो." आणि निघालेसुद्धा. आता माझ्यासारख्या भित्र्या माणसानं गप्प बसावं की नाही? पण त्या खाली मान घातलेल्या माणसाकडे पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. आधी औषध पोटात जाऊ दे, बोलायचं नंतर."

मी ओकारीचं जालीम औषध मोहरीच्या पाण्यात कालवलं आणि चंबू घेऊन बंगल्यावर गेलो. हात जोडून सांगितलं की मजूरवस्तीत पटकी आली आहे, सरकारी नियमानं प्रत्येकानं हा प्रतिबंधक काढा घ्यावा. मोठ्या साहेबांनी डोळे बारीक करून विचारलं, "किती रोगी?" लॉरिमर साहेबांना बागेत अकरा वर्षं झालेली, तोच आकडा तोंडात आला. "अकरा." मेमसाहेबांनी पेल्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आधी तू पी." मी प्यालो. (मी पुडिंग खाल्लेलं नव्हतं, हे इथे नमूद करतो.) मग लॉरिमर साहेब, मग ते दोघं.

पुढच्या पाऊण तासाचं वर्णन आपल्यासारख्या सोवळ्या घरात वाचलं जाणार आहे म्हणून करत नाही. व्हरांड्याच्या कठड्याला चौघं चार ठिकाणी, एवढंच सांगतो. पण महाशय, खरी कसोटी त्यानंतर होती. सोमलाची बाधा आणि पटकी यांची लक्षणं सारखीच, आणि माझ्या औषधाचीही पहिली लक्षणं तीच. थांबलं तर औषध. नाही थांबलं तर विष. मी डगमगत या नाडीवरून त्या नाडीवर जात होतो. मेमसाहेबांचे हात बर्फासारखे पडले तेव्हा त्यांनी माझं बोट घट्ट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "मला एक मुलगी आहे. मी तिला पत्र लिहू का?" मी म्हटलं, "आज नको, उद्या लिहा." हे वाक्य मी कोणत्या भरवशावर बोललो ते मला अजून कळलेलं नाही. कोपऱ्यात लॉरिमर साहेब भिंतीला टेकून पुटपुटत होते, "आता सांगतो, आता सांगतो."

त्यांनी तोंड उघडलं तोच पायऱ्यांवर चाओबा उभा. श्राद्धाचं जेवून, कपाळाला गंध लावून परतलेला. मी त्याला बाजूला ओढून विचारलं, सोमलाची वाटी कुठे? तो म्हणाला, "सोमल माझ्या डब्यात आहे, कुलपात. वाटी तीनदा राखेनं घासून बेअऱ्याला दिली."

"कधी?"

"साहेब जेवायला वळले तेव्हा. तर काय, साहेबांच्या भरवशावर सोमल टाकून मी जेवायला गेलो असतो?"

बेअऱ्याला विचारलं. त्यानं त्या घासलेल्या वाटीत कोठारातून तांदळाचं पीठ भरून खानसाम्याला दिलं होतं. म्हणजे त्या दिवशी बागेत एकानंच विष दिलं, आणि तो मी.

मला हसू येईना आणि रडूही येईना. मेमसाहेबांचे हात तासाभरात उबदार झाले. मोठे साहेब पटकीच्या भीतीनं हिशेब, पेट्या, सगळं सोडून संध्याकाळच्या आत हत्तीवरून गेले, आणि जाताना माझे आभार मानून गेले. ते आभार मला अजून टोचतात.

खोटं बोलणं सोपं असतं, अकरा रोगी पैदा करणं नाही. काल सिलचरहून निरोप आला: पटकीची साथ पाहायला सिव्हिल सर्जन गुरुवारी येत आहेत. मी लॉरिमर साहेबांना म्हटलं, "खोटं माझं होतं, मी सांगतो." ते म्हणाले, "वाटी माझी होती, मी सांगतो." यावर आमचं प्रथमच भांडण झालं. शेवटी दोघांनी मिळून सांगायचं ठरलं आहे. मला रात्री झोप लागली.

कुमुदिनीस आशीर्वाद. तिला हे पत्र वाचून दाखवताना "फासावर" हा शब्द "गोत्यात" असा वाचावा.

आपला आज्ञाधारक जावई,
गिरींद्र धर

ता. क. नोकरी बहुधा जाईल. आपल्या ओळखीनं सिल्हेटच्या एखाद्या दवाखान्यात जागा असेल तर शब्द टाकावा. तोपर्यंत काही दिवस आपल्याकडे राहीन. याला कुणी घरजावई म्हणू नये, पाहुणा म्हणावं.

दुसरा ता. क. सत्य सांगितल्यावर मोठे साहेब पेट्या जाळायला माणूस पाठवतील, यात शंका नाही. म्हणून लॉरिमर साहेबांनी विचारलं, नदीकाठी कुणाची कोरडी खोली आहे का? मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांची आहे. आपल्याला विचारायला वेळ नव्हता, क्षमा असावी. पेट्या एकोणीस आहेत. मुलांनी हात लावू नये आणि मांजराला आत सोडू नये.

तिसरा ता. क. हे पत्र आणि पेट्या त्याच तांदळाच्या होडीनं येत आहेत. आपण इथवर वाचलं असेल तर हमाल दारात उभे असतील.