मुळ्याचे तुकडे

सोल, २ डिसेंबर

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. थंडी वाढलीय, गुडघे शेकतेस ना?

गेल्या आठवड्यात पिल्सुन आजींनी मला एक प्रश्न विचारला. त्यावरूनच हे पत्र लिहितेय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करून खुशाली विचारायची, ही माझी नोकरी. आजी माझ्या यादीतल्या. मी सहज म्हटलं, "आजी, कोबीची किमची खारट झाली तर काय करायचं?"

"मुळ्याचे जाड तुकडे मधे खुपस, मीठ ओढून घेतात. पण काय गं, आई आहे ना तुला? मग मला कशाला विचारतेस?"

मी हसण्यावारी नेलं.

आई, तुझा किमचीचा डबा आला तेव्हा फोनवर मी "एक नंबर झालीय" म्हणाले. खोटं होतं ते. जिभेवर ठेवता येत नव्हती. तुझ्या हातून मीठ कधी चुकलेलं मला आठवत नाही. घाबरून तुझ्या शेजारच्या ओक्सुन काकूंना फोन लावला. आधी त्यांनी उडवाउडवी केली, मग म्हणाल्या, "तिनं संध्याकाळी कोबी मिठात घातला आणि सकाळी विसरून पुन्हा मीठ घातलं. दरवर्षी आम्ही सहाजणी मिळून किमची घालायला बसतो गं. यंदा माझा हात प्लास्टरमध्ये, बाकीच्या लेकरांकडे गेलेल्या. एकटीच बसली ती. वर मला दम दिला, पोरीला सांगशील तर बघ, तिची नोकरी मोठी आहे!"

मोठी कसली! घरातली पहिली पदवीधर मी, गावभरच्या आयांची विचारपूस करते आणि तुझा फोन 'कामात आहे' म्हणून दोन मिनिटांत ठेवते. काम नसतं गं. तू "जेवलीस का?" विचारलंस की रडू येतं. मैत्रिणींबरोबर जेवते, हेही खोटंच. रोज एकटीच जेवते.

मुळा घातल्यावर किमची खाण्यासारखी झालीय. खरं तर मुळाच जास्त छान लागतोय.

विसरायला होतं, ते माझ्यापासून लपवू नकोस. डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ. मीही आता काही लपवणार नाही.

शेतातले उरलेले तीस कोबी उपटू नका, असं काकूंना सांगून ठेवलंय. मीठ मी घालेन, एकदाच. चव तू बघ.

शुक्रवारी भात दोघींचा टाक. रजा घेतलीय, तिकीटही काढलंय.

तुझी,
दायून